खिडकीचा अर्ज आणि मापारी आळी

मापारी आळीतल्या पाच नंबरच्या स्वयंपाकघराला खिडकी पाडायची, एवढंच काम होतं. भागोजी गवंड्याच्या हिशेबाने दोन दिवसांचं; त्यातला एक दिवस नुसता सिमेंट वाळायचा. पण ते चांगदेव मोकलांच्या हाती पडलं, आणि चांगदेव मोकलांनी तहसील कचेरीच्या आवक-जावक विभागात चौतीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी घरी लग्नपत्रिका आली की तिच्या कोपऱ्यात ते पेनाने 'मिळाली' असं लिहून खाली तारीख टाकत. गावात त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. हे नाव आपल्याला कामामुळे मिळालंय आणि ते निवृत्तीबरोबर परत करावं लागत नाही, याचा त्यांना मनातून फार आनंद होता.

मापारी आळी म्हणजे खाडीकडे पाठ करून उभी असलेली नऊ घरं. सव्वाशे वर्षांपूर्वी मिठाच्या कुणा व्यापाऱ्याने आपल्या मापाऱ्यांसाठी, म्हणजे मिठागरावर मीठ मापून देणाऱ्या माणसांसाठी, ती बांधली. व्यापारी काटकसरी असावा. नऊ घरांच्या बाजूच्या भिंती अठरा झाल्या असत्या, त्याने दहांत भागवलं. वर एक सलग आढं, पुढे एक सलग पडवी, आणि दोन घरांत मिळून एक भिंत. त्यामुळे पाच नंबरात खिळा ठोकला की सहा नंबरातलं कॅलेंडर पडे, आणि तीन नंबरात शिंक आली की चार नंबरवाल्यांचं बाहेर निघणं पाच मिनिटं लांबे.

मागच्या भिंतीला व्यापाऱ्याने मुठीएवढा एक झरोका ठेवला होता. मे महिन्यात त्या झरोक्यातून वारा येत नसे, वाऱ्याची बातमी येई.

"पलीकडे अख्खी खाडी आहे," सुचिताबाई म्हणाल्या. त्या पदराने मान पुसत भाकऱ्या थापत होत्या. "तिकडे बगळेसुद्धा वारा खातात. आणि मी एकतीस वर्षं इथे शिजतेय."

"शिजवतेय," चांगदेवांनी दुरुस्ती केली.

"शिजतेय," त्या म्हणाल्या. "यंदा खिडकी झाली नाही तर दिवाळीचा फराळ तुम्ही करायचा."

चांगदेवांनी त्याच दुपारी अर्ज लिहायला घेतला.

आळीत ही बातमी पसरायला भिंतींचीच मदत झाली. संध्याकाळी सहा नंबरचा दीपेश पडवीत येऊन बसला. तो मुंबईकरांना काशीदच्या बाजूला जमिनी दाखवायचा, आणि एखाद्या गोष्टीला नाही म्हणताना समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवायचा.

"काका, परवानगी मागू नका," चांगदेवांच्या गुडघ्यावर हात ठेवून तो म्हणाला. "नियम झोपलेले असतात. आपण अर्ज केला की ते उठतात आणि चहा मागतात. माझं घर बघा."

दीपेशच्या घरावर निळे पत्रे होते, पुढे सरकत्या काचेच्या खिडक्या होत्या आणि दर्शनी भिंतीला स्नानगृहात शोभाव्यात अशा फरशा होत्या. त्याने आयुष्यात एकही अर्ज केला नव्हता.

"ते बेकायदेशीर आहे," चांगदेव म्हणाले.

"पण हवेशीर आहे," दीपेश म्हणाला.

चार नंबरच्या वेणूबाईंनी सल्ला दिला नाही, कारण त्या चांगदेवांशी बोलत नसत. चार वर्षांपूर्वी त्या सलग पडवीत सुकट वाळत घालायच्या, आणि चांगदेवांनी त्याबद्दल नगरपरिषदेला अत्यंत नम्र भाषेत अर्ज केला होता. 'सदर वृद्ध महिलेबद्दल पूर्ण आदर राखून' अशी त्याची सुरुवात होती. वेणूबाईंना नोटीस आली. आदर आला नाही. तेव्हापासून त्यांनी चांगदेवांशी बोलणं टाकलं आणि त्यांना जे सांगायचं ते त्या आपल्या मांजरीला सांगू लागल्या. मांजर बहिरी असावी, कारण त्या फार मोठ्याने सांगत.

"खिडकी पाडतायत," त्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला. "वारा पायजे म्हनं. सुकटीच्या वासानं घेरी येते, आन् खाडीच्या चिखलाचा वास चालतो. खा तू दूध."

चांगदेवांनी ऐकलं नाही असं दाखवलं. भिंतीसमोर एकट्याने तसं दाखवणं किती अवघड असतं, हे फक्त मापारी आळीतल्या माणसालाच कळेल.

अर्ज अकरा दिवसांनी परत आला. चांगदेव स्वतः बांधकाम विभागात गेले. तिथल्या साहेबांनी एक जाड फाईल काढली आणि मापारी आळी 'संभाव्य वारसा वास्तूं'च्या यादीत असल्याचं सांगितलं. यादी कुणी केली, कधी केली, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती होती, आणि अंतिम होईपर्यंत तिला कुणी हात लावू शकत नव्हतं. चांगदेवांना ही भूमिका मनापासून पटली, हेच त्यांचं दुर्दैव.

"मग मी काय करावं?"

"तुमच्या घराला वारसामहत्त्व नाही असं सविस्तर निवेदन द्या. समिती येऊन बघेल. महत्त्व नसेल तर खिडकी पाडा."

हे काम म्हणजे आपल्या हातचा मळ आहे असं चांगदेवांना वाटलं. त्यांनी चार पानी निवेदन लिहिलं. मुद्दा एक, सदर घरात कोणीही थोर पुरुष जन्मला, राहिला अथवा मरण पावला नाही. मुद्दा दोन, सदर घरात कोणताही तह, कट वा खलबत झालेलं नाही. मुद्दा तीन, कौलं गळतात, परंतु यास ऐतिहासिक म्हणता येणार नाही. असे सतरा मुद्दे झाले. शेवटी 'सबब सदर घर व त्यातील रहिवासी पूर्णतः सामान्य आहेत' असं लिहून त्यांनी सही ठोकली आणि वाचून दाखवायला सुचिताबाईंना बोलावलं.

सुचिताबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं.

"तुमचा जन्म इथलाच ना?" त्यांनी विचारलं.

"थोर पुरुष म्हटलंय," चांगदेव म्हणाले.

"हं. आपली लेक रुचिका पण इथेच जन्मली. तुमचे वडील इथेच गेले. सतरा मुद्द्यांत ते कुठे आलं नाही." एवढं बोलून त्या आत गेल्या. त्या संध्याकाळी आमटीत मीठ नव्हतं. मिठाच्या आळीत हा अपमान विशेष लागला.

निवेदन पोचलं आणि महिनाभर काही झालं नाही. आळीत मात्र बरंच झालं. 'वारसा' हा शब्द दीपेशच्या कानावर गेला आणि आठ दिवसांत त्याच्या निळ्या पत्र्याखाली 'हेरिटेज मापारी स्टे' असा फलक लागला. खाली त्याने एका सरदाराची कथा जोडली. हा सरदार जंजिऱ्याकडे जाताना म्हणे दीपेशच्या माळ्यावर झोपला होता. त्या माळ्यावर दीपेशची पाण्याची टाकी होती. तरी पुण्याहून लोक आले. एक कुटुंब चुकून पाच नंबरात शिरलं आणि चांगदेव पाटावर बसून जेवत असताना त्यांचा फोटो काढून गेलं. जाताना त्यांतल्या बाईंनी "किती अस्सल ठेवलंय सगळं" असं म्हटलं. चांगदेव बनियनवर होते.

यातच भागोजीने घोटाळा केला. त्याला बाजारात सुचिताबाई भेटल्या आणि म्हणाल्या, "ती खिडकी तेवढी लवकर होऊ दे बाबा." त्या देवाकडे मागावं तशा बोलल्या होत्या, भागोजीने ती वर्दी समजली. दुसऱ्या दिवशी चांगदेव पेन्शनचा हयातीचा दाखला पुन्हा मागितला म्हणून बँकेत गेले असताना त्याने मागच्या बाजूने घण घातला. चांगदेव आपण जिवंत असल्याचं सिद्ध करून परतले तेव्हा भिंतीला कलिंगडाएवढं भोक पडलं होतं आणि भागोजी बिडी ओढत आत डोकावत होता.

"भाऊसाब, भिंत दीड हाताची हाय," तो कौतुकाने म्हणाला. "चुन्याची. घण परत येतोय. आताशा असं काम होत न्हाय."

"थांब," चांगदेव म्हणाले. "थांब, खाली ठेव ते." चौतीस वर्षांत त्यांना कधी साधा मेमो मिळाला नव्हता.

त्यांनी भोकात जुनी गोधडी कोंबली, वर प्लास्टिक लावलं आणि ते स्वतःहून नगरपरिषदेत कळवायला गेले. ही गोष्ट आळीतल्या लोकांना आजही खरी वाटत नाही. चोर स्वतः चौकीत जाऊन पाट मांडतो तसलाच प्रकार. तिसऱ्या दिवशी नोटीस आली, 'आपण संभाव्य वारसा वास्तूची हेतुपुरस्सर हानी केली आहे.' दीपेशला नोटीस नव्हती. कागदावर दीपेशचं घर अजून कौलारू होतं.

चांगदेव आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत. लोक मात्र आत येत. नोटीस वाचत, जिभेने चक् करत, चहा घेत. आठ नंबरचे नाना म्हणाले, फितूर कोण ते शोधा. चांगदेव म्हणाले, मीच. नानांनी दुसरा कप मागितला.

अखेर समिती आली. समिती म्हणजे बांधकाम विभागाचे साहेब, पंचनामा लिहायला एक कारकून, आणि कल्पिता नावाची मुंबईची तरुण वास्तुतज्ज्ञ. ती भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरून आली होती आणि लाँच लागल्याने थोडी हिरवी दिसत होती. सुचिताबाईंनी तिला आधी कोकम सरबत दिलं. ते पिऊन ती उठली आणि भिंतींवर बोटांनी टकटक करत हिंडू लागली. डॉक्टर पाठीवर करतात तसं. चांगदेव निवेदनाची प्रत हातात धरून मागे मागे.

"मुद्दा क्रमांक पाच बघितलात का मॅडम? कोरीवकाम अजिबात नाही."

"बघितला काका. छान लिहिलंय," ती म्हणाली आणि मागच्या भिंतीकडे न जाता वेणूबाईंच्या सामाईक भिंतीपाशी थांबली. तिथे स्टीलच्या भांड्यांची मांडणी होती. "हे जरा काढता येईल?"

मांडणी काढली. कल्पिताने टकटक केलं. भिंत भरीव वाजत होती, आणि कमरेच्या उंचीवर एका जागी पोकळ. तिने पोपडे खरवडले. आतून सागवानी चौकट दिसली, दीड वीत उंच, हातभर रुंद, विटांनी बुजवलेली. ती धावत दीपेशच्या घरात गेली, मग तीन नंबरात, मग सातात. प्रत्येक सामाईक भिंतीत, त्याच उंचीवर, तीच चौकट. कुणी कपाट ठेवलं होतं, कुणी देव, दीपेशने फ्रीज.

"नऊ स्वयंपाकघरं एका रेषेत जोडलेली," ती परत येऊन म्हणाली. तिचा हिरवेपणा गेला होता. "एकमेकांना टेकलेली घरं मी खूप बघितली. आतून अशी उघडी कुठे बघितली नाहीत. कशासाठी असेल हे?"

कुणालाच माहीत नव्हतं. चांगदेवांनी त्या भिंतीकडे पाठ करून वयाची साठी ओलांडली होती.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "या शिकलेल्या लोकांना इस्तू म्हायती न्हाय गं." वेणूबाई मांजरीशी बोलत होत्या.

कल्पिता तडक चार नंबरात गेली आणि वेणूबाईंना हाताला धरून घेऊन आली. चार वर्षांनी त्या पाच नंबरचा उंबरा ओलांडत होत्या. चांगदेव खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

"इस्तवासाठी," वेणूबाई कल्पिताकडे बघत म्हणाल्या. "सकाळी एका घरात चूल पेटायची. मंग पलित्यावर इस्तू या भोकातून त्या भोकात. नऊ घरांना एक काडी. कालवणाची वाटी जायची, ताकाचं गाडगं जायचं. भांडान झालं की फळी लावायची, आन् भूक लागली की काढायची."

कारकून भराभर लिहीत होता.

"आणखी काय जायचं, आजी?"

वेणूबाईंनी चांगदेवांकडे न बघता हनुवटीने त्यांच्याकडे खूण केली.

"हा जायचा."

कारकुनाने मान वर केली.

"याच्या आयशीला बाळंतपनात ताप भरला. दूध आटलं. माझा अजित तवा तीन म्हैन्यांचा, अंगावर पीत होता. ती सव्वा म्हैना उंबरा वलांडायची न्हाय, पोराला भर पावसात भाईर न्ह्यायचं न्हाय. मंग दिसातून चार येळा याला फडक्यात गुंडाळून ती हिकडून द्यायची, मी तिकडून घ्यायची. पाजून झाला की परत. दोन म्हैने." त्यांनी चौकटीवरून बोट फिरवलं. "मोठं डोकं याचं. एकदा अडकलं व्हतं."

सुचिताबाई मांडणीतलं एक पातेलं छातीशी धरून उभ्या होत्या.

"मला कुणी सांगितलं नाही," चांगदेव म्हणाले.

"तू कवा इचारलंस," वेणूबाई म्हणाल्या. चार वर्षांतलं त्यांचं चांगदेवांशी हे पहिलं वाक्य. "तुझ्या बापानं रॉकेलचा स्टो आनला, काडेपेटीचा पुडा आनला आन् इटा लावल्या. तू तवा चालायला लागला व्हतास."

साहेबांनी घसा साफ केला आणि पंचनामा पुरा करायला सांगितलं. कारकुनाने लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं, तशी पद्धतच आहे. 'सदर झरोक्यातून विस्तव, खाद्यपदार्थ तसेच अर्जदार श्री. मोकल यांची बाल्यावस्थेत, दुग्धपानार्थ, दिवसातून चार वेळा ने-आण होत असे. एकदा अर्जदार अडकले होते.' खाली पंच म्हणून नानांनी सही केली. अर्जदार म्हणून चांगदेवांनी सही केली. त्यांच्या मोकलमधला 'ल' खाली ओघळला.

निकाल तीन आठवड्यांत आला. मापारी आळीला वारसामहत्त्व आहे. खाडीकडची खिडकी नामंजूर. भोक मूळ पद्धतीने चुन्याने बुजवावं. मात्र सामाईक भिंतीतला झरोका दोन्ही घरांची संमती असल्यास मूळ स्वरूपात खुला करता येईल. म्हणजे सुचिताबाईंनी वारा मागितला होता आणि सरकारने त्यांना शेजारीण मंजूर केली.

त्यासोबत कल्पिताच्या अहवालामुळे बाकीच्या घरांनाही पत्रं गेली. दीपेशला पत्रे उतरवायला सांगितलं, नानांना गच्चीवरचा वाढीव मजला, दोन नंबरला लोखंडी जाळी. आळीतल्या सात घरांनी चांगदेवांशी बोलणं टाकलं. दीपेशने येऊन त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, पण काही म्हणाला नाही. ते जास्त लागलं.

संमतीच्या कागदासाठी चांगदेव चार नंबरात गेले. आधी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. कागद पुढे ठेवून ते म्हणाले, "तो सुकटीचा अर्ज मी मागे घेतो."

"घे," वेणूबाई म्हणाल्या.

"त्यासाठी अर्ज करावा लागेल."

"कर." त्यांनी सही केली. चौथीपर्यंतची गोल, ठसठशीत अक्षरं. "सून तापली असंल चुलीम्होरं. कवा येतोय भागोजी?"

भागोजी दुसऱ्या दिवशी आला. या वेळी घण नाही, छिन्नी. विटा एकेक करून निघाल्या. शेवटची निघाली तेव्हा पलीकडे वेणूबाईंकडचं, कधीकाळी कुणी अर्जाविना पाडलेलं मागचं दार उघडं होतं आणि दारातून खाडी दिसत होती, नीट, एका चौकटीत. वारा आला. सुचिताबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांनी दोन वाक्यांत आपलं मत दिलं. वारा चांगला आहे, आणि फराळ आपणच करू.

दिवाळीच्या आदल्या सोमवारी चांगदेव चहा घेत होते. झरोक्यातून एक सुरकुतलेला हात आला आणि त्यात एक कागद होता. पडवीत घातलेला सिमेंटचा कोबा काढण्याबद्दल वेणूबाईंना नोटीस आली होती.

"चांग्या," पलीकडून आवाज आला, "याला अर्ज ल्ही."

चांगदेव दचकले. गावात ते भाऊसाहेब होते, घरी अहो, दीपेशचे काका. चांग्या म्हणणारं माणूस जगात शिल्लक आहे याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी चष्मा लावला, नमुना काढला आणि सुबक अक्षरात लिहायला घेतलं. 'सदर वृद्ध महिला पायांनी अधू असून' वगैरे रंगात येऊन लिहून झालं. खाली एक रकाना होता. अर्ज दुसऱ्याच्या वतीने भरत असल्यास अर्जदाराशी नातं.

त्यांनी 'शेजारी' लिहिलं आणि पद्धतीप्रमाणे पूर्ण अर्ज वाचून दाखवला.

"ते खोड," वेणूबाई म्हणाल्या. "मुलगा ल्ही."

"असं कसं लिहिता येईल? सरकारी कागद आहे. खोटं लिहिलं तर आधार विचारतात."

"खोटं काय त्यात? पंचनाम्यात हाय."

चांगदेवांना नियमात त्याविरुद्ध काही आठवेना. मग त्यांनी शेजारी या शब्दावर एक सरळ रेघ मारली, बाजूला आद्याक्षरी केली आणि वर लिहिलं, 'मुलगा (पंचनाम्याप्रमाणे)'.